गोदाक्काचा व्हॉल्व्ह

जरा पुढे सरका, बायांनो. त्या खांबाआड बसल्यात त्यांनीही इकडे या, माझ्या गुडघ्याला लागून बसा, काही बिघडत नाही. बुवांची गाडी अजून फाट्यावरच आहे म्हणे, आणि तबलजी नुसता हातोडीनं ठाकठूक करत बसलाय. तेवढ्या वेळात एक गोष्ट सांगते. आख्यान नव्हे, पण आख्यानाच्या आधी ऐकावी अशी आहे. देवाच्या दारात बसलेय, तेव्हा पदरचं एक अक्षर घालणार नाही.

आपल्या गावात कुणी सदरा उलटा घातला, कुणी दाराची कडी उलटी बसवली, की लोक काय म्हणतात? "झाला गोदाक्काचा व्हॉल्व्ह!" तुम्हीही म्हणत असाल. म्हणा बापड्या. पण तो व्हॉल्व्ह उलटा कसा बसला, हे सांगायची आज मला मोकळीक आहे. ऐका.

"अगं अक्का, लोखंड आहे ते! नवरी नव्हे!"

पंप बघणारे याकूबमिस्त्री पोहण्याच्या तलावाच्या ओसरीत कमरेवर हात ठेवून उभे होते. समोर नवा कोरा व्हॉल्व्ह खोक्यातून काढून ठेवलेला, आणि गोदाक्का त्याच्यापुढे फतकल मारून बसलेली. तिनं आधी तो ओल्या फडक्यानं पुसला, मग तेलात कालवलेलं कुंकू बोटानं थापून थापून त्याच्या अंगावर भलंमोठं स्वस्तिक काढलं. वर हळदीची पाच बोटं.

"नवी वस्तू अशी कोरडी लावत्यात व्हय मिस्त्री? तुमच्यात न्हाई का काय करत?"

"आमच्यात बिस्मिल्ला म्हणतो आणि पाना हातात घेतो. एवढं बाशिंग बांधत नाही."

"मग तुमी बिस्मिल्ला म्हना. मी कुंकू लावते. दोन्ही लागू द्या त्याला."

मी हसत होते. तेव्हा मी तिशीची. भोयाची पोर, कृष्णेच्या डोहात वाढलेली, चालायच्या आधी पोहायला शिकलेली. गावच्या व्यायाम मंडळानं तलाव बांधून बरीच वर्षं झाली होती, पण त्यात बाईमाणसानं पाऊल टाकलं नव्हतं. मी आणि गोदाक्का दोघींनी मंडळाच्या एकेका म्हाताऱ्याच्या दारात जाऊन बायकांची पोहण्याची बॅच मागून घेतली होती. गोदाक्का तलावावर झाडलोट करायची. तिची लेक सुंदरा नदीच्या घाटावर धुणं धुताना पाय घसरून गेली होती. काठावर चौघीजणी होत्या, एकीलाही पोहता येत नव्हतं. अक्का एवढंच सांगायची त्या म्हाताऱ्यांना, आणि दारातून हलायची नाही. शेवटी ते कबूल झाले. पण अध्यक्षांनी बजावलं होतं, "पाणी नितळ पाहिजे, आणि काही इकडंतिकडं झालं, एखाद्या बाईनं नुसती गटांगळी खाल्ली तरी त्या दिवसापासून बायकांना तलाव बंद. पुन्हा विचारायचं नाही."

बॅच दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायची होती. आणि तलावाचं पाणी ताकासारखं दिसत होतं.

कारण हाच व्हॉल्व्ह, म्हणजे त्याचा जुना भाऊ. आपल्या देवळात दर्शनबारीला ते एकेरी फाटक आहे ना, आत ढकललं की उघडतं आणि मागं रेटलं की हलत नाही, तसंच काम त्याचं. पंपानं तलावाच्या तळातून पाणी ओढायचं, गाळणीकडं ढकलायचं. पंप बंद केला की ते माघारी फिरू नये म्हणून मधे हा दारवान. जुन्याची झडप झिजून वाकली होती. पंप थांबला की गाळणीतली सगळी घाण उलटी तलावात. संध्याकाळी नितळ दिसलेलं पाणी सकाळी गढूळ, आणि मंडळाचे म्हातारे मनातून खूश.

नवा व्हॉल्व्ह सांगलीहून यायला उशीर झाला. तो आला त्याच सकाळची ही गोष्ट.

आदल्या संध्याकाळी मी याच देवळात, याच खांबापाशी बसले होते. रामनवमीचा सप्ताह चालू होता. त्या वेळचे बुवा भलते विनोदी. रंगात आले आणि म्हणाले, "अहो, तो येत नाही असं कोण म्हणतं? येतो! पण आपण त्याला ओळखत नाही. आपण भात रांधत असतो, हिशेब करत असतो, आणि तो मधेच येतो. मग आपण काय म्हणतो? 'कोण तडमडलंय मधेच!' असं म्हणून त्यालाच हाकलतो." सगळा मंडप हसला. मीही हसले आणि घरी गेले. लक्षात ठेवा हे.

तर, याकूबमिस्त्रींनी जुना व्हॉल्व्ह काढला. पंपाच्या खोलीत कमरेइतका खड्डा, त्यात पाइप, उजेड जेमतेम. नवा व्हॉल्व्ह चांगलाच वजनदार. एका बाजूनं त्यांनी धरला, दुसऱ्या बाजूनं मी.

"बाण कुठंय?" मिस्त्री पुटपुटले.

प्रत्येक व्हॉल्व्हच्या अंगावर बाण ओतलेला असतो, पाण्यानं कुठल्या दिशेला जायचं ते दाखवणारा. तो नेमका गोदाक्काच्या स्वस्तिकाखाली गेला होता. कुंकू तेलासकट वाळून खवल्यासारखं झालेलं. आतली झडप मधोमध, स्प्रिंगवर बसलेली. त्या अंधाऱ्या खड्ड्यात दोन्ही तोंडांतून सारखीच दिसायची.

"पुसा की ते," मी म्हटलं.

मिस्त्रींनी खिशातून चिंधी काढली. व्हॉल्व्हजवळ नेली. आणि परत खिशात घातली.

"पुजलेलं आहे बाई. अक्कानं पुजलंय. माझ्या हातानं कसं पुसू?"

त्यांनी अंगठ्यानं कुंकवावरून चाचपलं, डोळे मिटून, वैद्य नाडी बघतो तसं. "हं. टोक इकडं आहे," म्हणाले. आम्ही व्हॉल्व्ह बसवला. ते बोल्ट आवळायला लागले.

"हे आवळून होईपर्यंत मी तळाची जाळी बघून घेते," मी म्हटलं. "परवापासून हलतेय."

"जावा. पंचा अडकवून जावा."

तो मिस्त्रींचा दंडक होता. पाण्यात उतरणाऱ्यानं लाल पंचा पंपाच्या स्टार्टरच्या मुठीवर टाकायचा. पंचा दिसतोय तोवर पंपाला हात लावायचा नाही, मग अध्यक्ष येऊन उभे राहिले तरी. मी पंचा टाकला, स्क्रू आणि पेचकस कनवटीला लावले आणि खोल बाजूनं पाण्यात गेले.

पाणी गढूळ होतं. तळाला जाईपर्यंत जाळी दिसलीच नाही, हातालाच लागली. एका स्क्रूवर लोंबत होती. ती बाजूला केली तर खालच्या भोकात कडुलिंबाचा पाला गच्च बसलेला. वर येऊन श्वास घ्यायचा, खाली जाऊन मूठभर पाला काढायचा, असं चाललं होतं. शेवटच्या बुडीला हात पार खांद्यापर्यंत आत घातला. तेवढ्यात माझी वेणी डोक्यावरून पुढं आली आणि हाताशेजारून त्या भोकात शिरली. तेव्हा माझी वेणी कमरेच्या खाली होती, बरं का. मला ते कळलं, पण पाण्याखाली घाई करायची नाही हे भोयाच्या पोरीला कुणी सांगावं लागत नाही.

आणि तेव्हा पाण्यात एक सूर भरला.

कसा सांगू? तळातून, चारी भिंतींतून, माझ्या छातीच्या फासळ्यांतून. एकतारी छेडावी आणि ती थांबूच नये, तसा. खळखळ नाही, घरघर नाही, नुसता एक सूर. मला वाटलं, कालच्या कीर्तनातला कानात राहिलाय. फार बरं वाटलं मला. पाण्याखाली हसले, तर तोंडातून बुडबुडे गेले. भोकातून हात काढला. वेणी काढली, सावकाश, गवताची पेंडी ओढावी तशी. जाळी बसवली, श्वासासाठी एकदा वर जाऊन आले आणि चारी स्क्रू पिळले. तो सूर केव्हा थांबला ते कळलंही नाही.

बाहेर आले तर पंपाच्या खोलीतून इनामदार सरांचा आवाज. इनामदार सर म्हणजे तलावाचे व्यवस्थापक, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. साधं "पाणी द्या" म्हणाले तरी "सावधान" म्हटल्यासारखं वाटायचं. मी ओलीच दारात जाऊन उभी राहिले.

खोलीत जळक्या रंगाचा वास होता. मिस्त्री पंपावर हात ठेवून तो झटकत होते, इतका तो तापलेला.

"काचेत पाण्याचा थेंब नाही!" सर ओरडत होते. गाळणीच्या पाइपाला एक काचेची नळी होती, पाणी वाहतंय की नाही ते दिसायला. "दाबाचा काटा बघा कुठं जाऊन टेकला होता! मी ओरडलो नसतो तर पंप फुटला असता मिस्त्री!"

"व्हॉल्व्ह उलटा बसलाय सर," मिस्त्री हळूच म्हणाले. "पंप पाणी ढकलत होता आणि दारवानानं दार लावून घेतलं होतं. तसूभर पाणी हललं नाही."

"उलटा? तुम्ही? इतकी वर्षं..."

"बाण दिसला नाही. अंदाज चुकला."

"का दिसला नाही?"

मिस्त्री पाना पुसत राहिले. तेव्हा कोपऱ्यातून गोदाक्का म्हणाली, "माज्या कुंकवानं झाकला व्हता सर."

ती त्या खोलीत पहिल्यांदाच आली होती. खोलीला नेहमी कुलूप असायचं आणि झाडूवालीला आत काम नसायचं. नवं यंत्र सुरू होणार म्हणून नारळ घेऊन आली होती. फुटलेल्या नारळाची भकलं तिच्या हातात होती, एका कापडात धरलेली.

"कुंकू!" सर माझ्याकडं वळले. "बघितलंस कालिंदी? म्हणून मी म्हणत होतो. यंत्रं आहेत ही, तुळशीवृंदावन नव्हे. सगळं सुरळीत चाललेलं असतं, आणि कोण तडमडलं मधेच! ही गोदाक्का!"

'कोण तडमडलं मधेच.' माझ्या ओल्या अंगावर काटा आला. का आला ते तेव्हा कळलं नाही. मग माझं लक्ष गोदाक्काच्या हातातल्या कापडाकडं गेलं.

लाल पंचा होता तो.

मी स्टार्टरकडं बघितलं. मूठ उघडी. मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. आधी माझ्या तोंडाकडं, मग माझ्या ओल्या वेणीकडं, मग वेणीतून माझ्या पायाशी झालेल्या थारोळ्याकडं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"आणि तू अशी भिजलीस कशानं?" सरांनी विचारलं.

बायांनो, त्या क्षणी मी खरं बोलले असते, तर तुमच्यापैकी एकीलाही आज पोहता आलं नसतं. बॅच सुरू व्हायच्या आदल्या दिवशी एक बाई तळाशी, आणि वर पंप चालू. अध्यक्षांना आणखी काय पाहिजे होतं?

"उकडत होतं सर. नळाखाली डोकं धरलं."

"नळ सोडून आलीस की बंद केलास?"

"केला सर."

"तासाभरात पाणी फिरलं पाहिजे. नाहीतर मी अध्यक्षांना कळवून मोकळा होतो," असं म्हणून सर तणतणत ऑफिसकडं गेले.

त्यांची पावलं दूर गेली तसे मिस्त्री खड्ड्याच्या काठावर खालीच बसले.

"मूठ रिकामी दिसली बाई. मला वाटलं, वर आलात, पंचा घेऊन गेलात. कुठं होतात तुम्ही? पायऱ्यांवर ना? सांगा, पायऱ्यांवर होतात ना?"

"तळाला होते. जाळी काढलेली होती."

"हात?"

"भोकात. आणि वेणीही."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या भोकाला पंपाची ओढ लागली की काय होतं ते त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. केस एकदा आत गेले की पैलवान लावले तरी निघत नाहीत. आणि पंप बंद करायचा तर वर कुणाला तरी कळायला पाहिजे की खाली माणूस आहे. गढूळ पाण्यात कोण दिसतं? तो सूर माझ्या छातीत पुन्हा घुमला. कीर्तनातला नव्हता तो. माझा काळ दार ठोठावत होता, आणि कुणीतरी आतून कडी लावून घेतली होती.

गोदाक्काला अजून नीट कळलं नव्हतं. ती आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती.

"ह्यो पंचा..." ती म्हणाली. "ह्यो कशाला हितं व्हता? लाल कापड दिसलं म्हनून म्यां नारळ फोडाया घेतला. देवाला लाल बरं असतं म्हनून."

मी स्टार्टरच्या रिकाम्या मुठीकडं बोट केलं, मग माझ्या ओल्या वेणीकडं. तिच्या हातातून भकलं खाली पडली आणि घरंगळत खड्ड्यात गेली. ती भिंतीला टेकून खाली घसरली.

"माज्या हातानं," ती म्हणाली. "सुंदराला पान्यानं नेली. तुला मी नेत व्हते. माज्या हातानं नेत व्हते गं पोरी."

मी तिच्यापुढं बसले. तिचा उजवा हात उघडला. पंच्याचा ओलसरपणा होता त्यावर, नारळाचं पाणी होतं, आणि नखांत अजून कुंकू होतं. सकाळचं, तेलातलं.

"अक्का, हा हात बघ," मी म्हटलं. "पंचा कुठल्या हातानं काढलास?"

"ह्याच."

"आणि कुंकू कुठल्या हातानं थापलंस?"

ती बघत राहिली. बोटांकडं, मग खड्ड्यातल्या त्या व्हॉल्व्हकडं. त्याच्यावरचं स्वस्तिक तसंच होतं, लालभडक. मिस्त्रीही बघत होते. कितीतरी वेळ आम्ही तिघं त्या लोखंडाकडं बघत बसलो. गाभाऱ्यात बसतो तसे. कुणाला हात जोडायचं सुचलं नाही.

शेवटी मिस्त्री म्हणाले, "मी पुसायला चिंधी काढली होती अक्का. खिशातून बाहेर काढली होती. हात पुढं गेला नाही." आणि त्यांचे डोळे भरून आले. "मी म्हटलं, तू रागवशील."

"रागावलेच असते मी," गोदाक्का म्हणाली, आणि रडता रडता हसली.

मग ती उठली. पदरानं तोंड पुसलं, आणि आमच्या दोघांपुढं उभी राहून इनामदार सरांपेक्षा कडक आवाजात म्हणाली, "आता ऐका. कालिंदी पान्यात नव्हतीच. व्हॉल्व्ह गोदीच्या कुंकवानं उलटा बसला, एवढंच झालंय हितं. कुनी हसू दे, कुनी थुकू दे. उद्या पोरी पान्यात उतरल्या पायजेत. मी हाय तवर ह्यातलं एक अक्षर भायेर जायाचं न्हाई. रामाची आन हाय दोघास्नी."

"मला रामाची कशी घालतेस अक्का?" मिस्त्री म्हणाले.

"मग तुमाला माजी."

"ही जास्त जड झाली," मिस्त्री म्हणाले, आणि पाना घेऊन खड्ड्यात उतरले.

व्हॉल्व्ह सोडवून आम्ही तो फिरवला. गोदाक्का म्हणाली, "आता पुसा ते कुंकू, काम झालं त्याचं." मिस्त्रींनी मान हलवली. बाण बघायला त्यांनी कुंकवाची कडा नखानं जरा उचलली, तेवढीच. मग खडू घेऊन शेजारच्या पाइपावर हातभर लांब बाण काढला. पंप लावायच्या आधी ते स्वतः बाहेर जाऊन तलावाला पूर्ण फेरा घालून आले, पायरीपायरीवर वाकून बघत, आम्ही दोघी त्यांच्यासमोर उभ्या असताना. मग मूठ दाबली. काचेच्या नळीत पाणी आलं, आधी गढूळ, मग फेसाळ, आणि दिवस कलता कलता नितळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पोरी आल्या. तुमच्या आया, कुणाच्या आत्या. पंजाबी ड्रेस घालून, एकमेकींचा हात धरून, काठावर लाजत उभ्या. तळाची जाळी वरून स्वच्छ दिसत होती. गोदाक्का झाडू घेऊन काठाकाठानं फिरत होती आणि प्रत्येकीला ओरडत होती, "वेणी टोपीत घाला गं! आधी वेणी टोपीत!" पोरी तिच्या मागं हसायच्या. तोवर सरांनी ती कुंकवाची गोष्ट मंडळात सांगितली होती, मंडळानं चावडीवर, आणि चावडीनं बाजारात. त्या आठवड्यात भाजीवालीनं वजनकाटा उलटा धरला तर लोक म्हणाले, "झाला गोदाक्काचा व्हॉल्व्ह." गोदाक्का तिथंच उभी होती, वांगी निवडत. ती पण हसली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

जन्मभर हसली. याकूबमिस्त्री होते तोवर दर वर्षी पंपाच्या खोलीला रंग द्यायचे. पाइप निळे, पंप हिरवा. तो व्हॉल्व्ह सोडून. त्यावरचं कुंकू काळपट होत होत लोखंडासारखं झालं, पण कुणी त्याला ब्रश लावला नाही. नव्या माणसानं विचारलं तर मिस्त्री म्हणायचे, "तेवढं राहू दे. ती अक्काची जागा आहे."

मिस्त्री आधी गेले. गेल्या पौषात गोदाक्का गेली. तिच्या आणेतून मी सुटले, म्हणून आज तुमच्यापुढं तोंड उघडलं.

तो बघा, हॉर्न वाजला, बुवा आले. सरका, त्यांना वाट द्या. एवढंच मागते तुमच्याजवळ. उद्या सकाळी तलावावर याल, वेणी टोपीत घालाल, आणि पहिली बुडी माराल तेव्हा पाण्याखाली क्षणभर थांबा. पंपाचा आवाज येईल कानाला. तेव्हा आमच्या गोदाक्काची आठवण काढा. आणि पुढं कुणी तिच्या नावानं हसलं ना, तर तुम्हीही हसा, ती हसायची तसं. पण मनातल्या मनात तिच्या पाया पडा.